नकोशांची यादी नसलेला अवयव

मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण चहाच्या गाळणीत नको ते वर राहतं. इथे वर राहतात रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं. खाली उतरतं पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्लं आणि त्यांच्याच सोबतीने युरिया. कामाचं आणि टाकाऊ एकाच ओघात, तेही दिवसाला सुमारे १८० लिटर! प्रौढ माणसाच्या रक्तात प्लाझ्मा असतो तीनेक लिटर, म्हणजे तो रोज साठेक वेळा गाळला जातो. त्यातून किलोभराहून जास्त मीठ खाली येतं. हे सगळं खरोखरच वाहून गेलं तर माणूस तासभरही टिकायचा नाही. लघवी होते ती जेमतेम दीड लिटर, कारण बाकीचं सूक्ष्म नलिका परत घेतात.

हे परत घेणं फुकट होत नाही. नलिकेच्या पेशी सोडियम रक्ताच्या बाजूला सतत उपसत राहतात. त्या ओढीवर साखर आणि अमिनो आम्लं आत येतात, मागोमाग पाणी. मूत्रपिंडं जो प्राणवायू वापरतात, त्याचा मोठा वाटा या एका उपशावर खर्च होतो.

मग आधी टाकायचं आणि मग उचलायचं, हा उपद्व्याप कशासाठी? मला त्यात एक शहाणपण दिसतं. मूत्रपिंडाला घाण ओळखावी लागत नाही. काय हवं एवढं ठाऊक असलं की पुरतं. कालपरवा प्रयोगशाळेत जन्मलेलं, पाण्यात विरघळणारं रसायन रक्तात आलं, तर त्याला परत आणणारा वाहक नलिकेत सहसा नसतो. ते आपोआप बाहेर पडतं. (स्निग्धात विरघळणारी द्रव्यं पेशींच्या पडद्यातून हळूच परत शिरतात. त्यांना आधी यकृताने पाण्यात विरघळण्याजोगं करावं लागतं.)

अर्थात हे शहाणपण मी मागाहून चिकटवतो आहे. होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, गाळण्याची ही सोय गोड्या पाण्यातल्या पूर्वज माशांना अंगात शिरणारं जादा पाणी फेकायला हवी होती; आपण ती वारशाने वागवतो. काही समुद्री माशांना तर गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छच नाहीत, नलिका नको ते थेट बाहेर ढकलतात. ती वाट आपल्याही नलिकांत शिल्लक आहे. पेनिसिलिन तिथूनच भराभर निसटायचं. १९४०च्या दशकात, औषध दुर्मीळ असताना, ते रुग्णांच्या लघवीतून काढून पुन्हा टोचलं जाई.

हव्याच्या यादीत एक उणीव मात्र आहे: 'किती' हा प्रश्न साखरेबाबत ती विचारत नाही. रक्तात दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंतची साखर नलिका जवळपास सगळी परत घेतात. त्यापुढे वाहक अपुरे पडतात आणि ती लघवीत उतरते. मधुमेहात शरीर साखरेने तुडुंब असतानाही मूत्रपिंड ती वाचवतच राहतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळं केलेलं फ्लोरिझिन हे वाहक अडवतं. त्याच धाग्याने पुढे डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली, जी साखरेचा बराच भाग परत घेऊ देत नाहीत. ती आणली मधुमेहासाठी. आज ती मधुमेह नसलेल्यांनाही दिली जातात, हृदय आणि खुद्द मूत्रपिंड सांभाळायला.