आवडीची घटका

आवडीच्या गोष्टीस वेळ देणे हा कर्तव्यात कसूर आहे काय, हा प्रश्न पुष्कळांच्या मनास टोचतो. जपानातील युकी कावाउची हा सैतामा प्रांतातील एका सरकारी शाळेच्या कचेरीत कारकून होता. लांब पल्ल्याच्या धावण्याची त्यास विलक्षण आवड. इतर नामांकित धावपटू दिवसातून दोनदा सराव करीत. नोकरीमुळे त्यास बहुधा एकदाच साधे. तरी सन २०१८ च्या एप्रिलात, थंडगार पाऊस व समोरचा वारा सोशीत, बोस्टन येथील सुमारे ४२ किलोमीटरांची शर्यत त्याने २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. पुढे २०१९ साली नोकरी सोडून त्याने धावणे हाच व्यवसाय केला.

आवड वाईट नव्हे; मात्र तिची किंमत कोण भरतो, हे पाहावे. स्वतःची विश्रांती वेचणारा आपल्या पदरचे देतो; धन्याचा किंवा घरच्यांचा वेळ घेणारा दुसऱ्याचे खर्चितो. आवड सबंध दिवस मागू लागली, तर उघडपणे एकाची निवड करावी. दोहोंशी अर्धे इमान राखू नये. वाचकहो, आपली आवडीची घटका कोणाच्या पदरची आहे?