आहाराची वही

वजन घटविण्यासाठी केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. त्यानंतर रुग्णाला आहाराची नोंद ठेवण्यास सांगितले जाते: प्रथिने किती, पाणी किती, कशाने उलटी झाली. घासाघासाची ही मोजदाद तवक्कुलशी विसंगत नाही काय, असे काही सज्जन विचारतात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. अमानतीचा हिशेब ठेवणे हा अविश्वास कसा ठरेल?

मला चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. लहान झालेल्या जठरात भाकरी मावत नाही. सरबत, फिरनी, आइस्क्रीम मात्र सहज उतरते. शस्त्रक्रिया जठरावर झालेली असते, नफ्सवर नाही. मग वहीत मुगाचे वरण लिहिले जाते आणि फिरनी गाळली जाते. ही गाळलेली ओळ मला फिरनीहून गंभीर वाटते. फिरनी काही हराम नाही. लिहिली असती तर आहारतज्ज्ञाला उपाय सुचविता आला असता. मुहासबा खऱ्या नोंदीवरच होऊ शकतो.

दस्तरख्वानावरील इतरांचेही काही कर्तव्य आहे. पाहुण्याने चार घासांवर हात थांबविला की आपण रुसतो, त्याच्या ताटात बिर्याणी लोटतो आणि उरलेल्या अन्नाच्या इस्राफचा दोष त्याच्याच माथी मारतो! सूरह आराफच्या ३१व्या आयतीतील अतिरेकाची मनाई वाढणाऱ्याला लागू नाही काय? अशा पाहुण्याला विचारूनच वाढावे. जेवताना पाण्याचा आग्रहही करू नये. अन्न आणि पाणी यांत त्याला साधारण अर्ध्या तासाचे अंतर राखावे लागते.