फुकटाची किंमत कोण भरतो?



मागे घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही एका आळीत गेलो होतो. एका घरी प्रार्थना झाली, चहा झाला आणि मग त्या घरच्या माऊलीने हळूच सांगितले की, आठवीतल्या मुलाने तिच्या मोबाईलवरून एका गेममध्ये दोन महिन्यांत अकरा हजार रुपये घालवले. तिचे कार्ड फोनला जोडलेले होते आणि ओटीपीही त्याच फोनवर येत होता. मुलाला जवळ बसवून विचारले, तर तो म्हणाला, "फादर, गेम फुकटच आहे." त्या कुटुंबाच्या परवानगीने ही हकीकत आम्ही येथे लिहीत आहोत.

मुलगा खोटे बोलत नव्हता. गेम खरोखर फुकट मिळतो. मग अकरा हजार कशाचे गेले? या प्रश्नावर आज आपण थोडा विचार करू या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. खेळणे हे पाप नाही. शरीर थकले की त्याला विश्रांती लागते, तशी मनालाही लागते आणि खेळ ही मनाची विश्रांती आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकवले. जो कधीच हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, त्यालाही त्यांनी दोष दिला आहे. तसेच गेम बनवणाऱ्याने पैसे मिळवणे हेही पाप नाही. "तीनशे रुपये द्या आणि खेळा," असे कोणी उघडपणे सांगितले, तर तो सरळ व्यवहार झाला. कष्टकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे.

परंतु फुकट गेमचा धंदा वेगळ्या रीतीने चालतो. २०१२ मध्ये आलेला 'कँडी क्रश' आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यात पाच 'जीव' मिळतात. ते संपले की एकेक जीव परत मिळण्यासाठी अर्धा तास थांबावे लागते. ज्याला थांबवत नाही, तो पैसे देतो. दुसऱ्या गेममध्ये रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यावी लागतात. एकदा रुपयाचा हिरा झाला की तो खर्च करताना हात अडखळत नाही. काही गेममध्ये बंद पेटी विकतात. आधी पैसे द्यायचे, मग आत काय निघाले ते पाहायचे. हे लॉटरीच्या फार जवळ जाते. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही गेममधील अशा पेट्यांना जुगारच ठरवले. अमेरिकेत 'फोर्टनाईट' या फुकट गेमच्या कंपनीवर सरकारी व्यापार आयोगाने आरोप केला की, तिने बटणांची रचनाच अशी केली की नकळत खरेदी व्हावी आणि आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलांकडून पैसे घेतले. २०२२ मध्ये तडजोड होऊन त्या कंपनीने ग्राहकांना परताव्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

विकणाऱ्याला मालातला दोष ठाऊक असेल आणि ग्राहकाचे त्यामुळे नुकसान होणार असेल, तर तो दोष लपवणे अन्याय आहे, हेही संत थॉमस यांनीच सांगितले आहे. फुकट गेममध्ये लपवलेली गोष्ट म्हणजे खुद्द किंमत! कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१३) सांगतो की, नशिबाचे खेळ स्वतःहून अन्यायकारक नाहीत; परंतु स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे पैसे त्यांत जाऊ लागले की ते नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतात. आपल्या देशात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. पण ज्या खेळात पैसे फक्त जातात, परत येतच नाहीत, तेथे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच डोळे उघडे ठेवावे लागतील.

आता आपल्या स्वतःकडे वळू या. "आम्ही खेळतो, पण एक पैसाही देत नाही," असे आपण म्हणतो. खरे आहे. असे गेम खेळणारे बहुतेक लोक काहीच देत नाहीत. कमाईचा मोठा भाग थोड्याच लोकांकडून येतो. त्या धंद्यात अशा ग्राहकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा म्हणतात. त्यांत कोणी श्रीमंत असेलही. परंतु ज्याला थांबताच येत नाही असा एकाकी माणूस किंवा आठवीतला एखादा मुलगाही त्यांत असतो. म्हणजे आपली फुकटची करमणूक कोणाच्या तरी दुबळेपणावर चालते. येथे दुबळा भरतो आणि बाकीचे खेळतात.

आपल्यालाही देवाने एक दान फुकट दिले आहे. ते म्हणजे त्याची कृपा. पण तिचीही किंमत कोणीतरी भरली आहे. क्रुसावर प्रभू येशूने ती भरली; जाणूनबुजून, स्वखुशीने आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत. तेथे सबळाने दुर्बळांसाठी भरले. दोन्हींना आपण फुकट म्हणतो, पण एकात आमिष आहे आणि दुसऱ्यात प्रीती.

मग आपण काय करावे? मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवू या : "हे फुकट आहे, तर याचे पैसे कोण देतो?" कार्ड फोनला जोडून ठेवू नये. पिन मुलांना सांगू नये. मूल गप्प बसावे म्हणून आपणच त्याच्या हाती मोबाईल देतो, हेही प्रामाणिकपणे कबूल करू या. संध्याकाळी रोजरी झाल्यावर अर्धा तास त्यांच्याबरोबर कॅरम खेळलो, तर त्याचे मोल मोठे आहे. आपले जे तरुण संगणक क्षेत्रात काम करतात, त्यांनी एवढेच पाहावे : आपण बनवलेले बटण आपल्या धाकट्या भावाच्या बोटाखाली ठेवायला आपण तयार आहोत का? लहानांना अडखळण लावणाऱ्याविषयी प्रभूने किती कठोर शब्द वापरले आहेत, ते आपण जाणतो.

त्या मुलाला वडिलांनी मारले नाही. दोघांनी बसून बँकेचा हिशोब वहीत उतरवला. एकोणऐंशी रुपये, एकशे एकोणसाठ रुपये, पुन्हा एकोणऐंशी. एकही रक्कम मोठी नव्हती. खाली बेरीज केली तेव्हा तो मुलगा बराच वेळ गप्प बसला. आता सुट्टीच्या दिवशी तो वडिलांबरोबर वाडीत कामाला जातो. पैसे फेडण्यासाठी म्हणून सुरुवात झाली. पण आता बापलेक एकमेकांशी बोलू लागले आहेत, असे त्याची आई सांगते.

कृपा विनामूल्य देणारा प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या मुलांना सांभाळो.

आपले धर्मगुरू