पहिल्या तासाचा डॉक्टर



पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की ऐरोलीसारख्या वसाहतीतल्या कितीतरी घरांत पसंतीक्रमाची यादी तयार होऊ लागते. वरच्या ओळींत रेडिऑलॉजी असते, त्वचारोग असतो. अशा यादीत एखाद्या मुलीने आपणहून पहिल्याच ओळीत ग्रामीण रुग्णालयातले आपत्कालीन वैद्यकशास्त्र लिहिले, तर घरात शांतता पसरते. मग अम्मी म्हणते, "कॅज्युअल्टीच करायची तर ठाण्या-नेरूळला रुग्ण कमी आहेत का?" अब्बा काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात कर्जाचे हप्ते आणि मुलीचे लग्न असते. ही केवळ नोकरी-व्यवसायाची बाब आहे, की दीनचाही काही प्रश्न त्यात आहे? आपण तो आहे असे समजून विचार करू या.

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला आपल्या देशात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 साली. या शाखेचा डॉक्टर रुग्ण निवडत नाही. विष घेतलेला तरुण, सर्पदंश झालेली शेतमजूर बाई, महामार्गावरचा अपघात, थांबू पाहणारे हृदय, हे सारे एकाच दारातून आत येते, आणि निर्णय घ्यायला मिनिटेच हाती असतात. आजाराचे नाव ठरण्याआधी श्वास चालू ठेवावा लागतो.

आपल्या ऐरोलीतच भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. गंभीर भाजलेल्या माणसाला शिरेतून किती द्रव द्यायचा याचा हिशेब डॉक्टर मांडतात, तेव्हा पहिल्या चोवीस तासांच्या द्रवापैकी निम्मा पहिल्या आठ तासांत जावा असा सर्वमान्य नियम आहे. हे आठ तास मोजतात ते रुग्ण दवाखान्याच्या दारात पोहोचल्यापासून नव्हे, तर तो भाजल्याच्या क्षणापासून. म्हणजे दूरच्या तालुक्यातून निघालेला रुग्ण पाच तासांनी शहरात पोहोचला, तर त्यातले पाच तास आधीच संपलेले असतात. त्या पाच तासांत गावाकडच्या डॉक्टराने काय केले, श्वासनलिका सुजण्याआधी नळी घातली की नाही, सलाइन लावले की नाही, यावर शहरातल्या तज्ज्ञाच्या हाती काय उरते ते ठरते.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये वैद्यकाला फर्जे किफाया म्हटले आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. समाजातल्या पुरेशा लोकांनी ते पार पाडले तर इतर सुटले, कुणीच पाडले नाही तर सारे गुन्हेगार. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी केलेली तक्रार फारशी सांगितली जात नाही. कित्येक गावांत मुस्लिम वैद्य नाही, आणि तरीही लोक फिकहच्या वादशास्त्रात गर्दी करतात. कारण त्या वाटेने काजीपद मिळते, वक्फची व्यवस्था हाती येते, बरोबरीच्यांत पुढे जाता येते. धार्मिक विद्येच्या नावाखालीही माणूस आपले भलेच शोधत असतो, हे त्यांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवले. एका जागी गर्दी आणि दुसरी जागा ओस, ही विभागणी त्यांना खुपली होती. आपल्या पसंतीक्रमाच्या यादीकडे त्यांनी पाहिले असते तर वेगळे काय म्हणाले असते?

ओस जागी काय घडू शकते याचे उदाहरण फार लांबचे नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले मरत. डॉक्टरांनी रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून पाहिले की मृत्यू येतो तो हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी इथे उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले आणि 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे या दंशाने होणारे मृत्यू फारच घटले. मोठ्या शहराच्या रुग्णालयात हा शोध लागणे अवघड होते, कारण विंचू चावलेला माणूस तिथवर जिवंत पोहोचतच नव्हता. आणि महाड म्हणजे कुणा परक्याचा मुलूख नव्हे. महाड, म्हसळा, श्रीवर्धन ही आपल्यातल्या अनेकांची गावेच आहेत. फ्लॅट ऐरोलीत असला तरी दादा-दादी तिकडेच आहेत.

आता दुसरी बाजू. जिहादला निघण्याची परवानगी मागायला आलेल्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले होते की तुझे आईवडील हयात आहेत काय, आणि आहेत असे कळल्यावर त्यांच्याच सेवेत झटायला परत पाठवले. ही हदीस सहीह बुखारीत आहे, आणि ग्रामसेवेच्या उत्साहात ती बाजूला सारता येणार नाही. वडिलांचे डायलिसिस चालू आहे आणि घरात दुसरे कुणी नाही, अशा मुलाला 'कौमची खिदमत' म्हणून दूर ढकलणे हा जुलूम आहे. पण आईवडील सुदृढ आहेत, भाऊ जवळ आहे आणि अडचण फक्त 'लोक काय म्हणतील' एवढीच आहे, तर त्या अडचणीला या हदीसचा आधार देऊ नये.

अबू दाऊदमधली आणखी एक हदीस या प्रसंगी आठवावी. वैद्यक न जाणता जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जातो, असा तिचा आशय आहे. म्हणून ग्रामीण रुग्णालय निवडताना विचारण्याचा पहिला प्रश्न त्यागाचा नसून शिक्षणाचा आहे. तिथे रात्री वरिष्ठ शिक्षक हजर असतात का? व्हेंटिलेटर चालतो का, रक्त मिळते का? शिकवणारे कुणी नाही आणि निवासी डॉक्टर एकटाच सारी कॅज्युअल्टी सांभाळतो, अशा जागी जाणे ही सेवा होत नाही. त्यात धोका रुग्णाच्या जिवाला असतो. उलट 'ग्रामीण' म्हणजे कमी दर्जाचे, हा समजही खरा नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासून एका खेड्यात उभे आहे, आणि तिथे शिकलेल्यांना कुणी कच्चे म्हणत नाही.

खंदकच्या लढाईत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची रक्तवाहिनी तुटली, तेव्हा त्यांच्यासाठी मदीनेच्या मशिदीतच तंबू उभारला गेला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांचा तो तंबू होता असे सीरतकार सांगतात. मला या प्रसंगातली जागा महत्त्वाची वाटते. जखमीची सोय मशिदीच्या आवारात झाली, म्हणजे ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि सर्वांच्या जबाबदारीवर होती. साद (रजि.) पुढे त्याच जखमेने वारले, तरी त्या तंबूला कुणी व्यर्थ म्हटले नाही.

किफायाचा अर्थ इथे आपल्यापर्यंत येतो. एक मुलगी तीन वर्षांसाठी निघाली की आपण तिचे कौतुक करतो आणि सुटलो असे मानतो. पण तिने उचलले ते ओझे आपलेही होते. तिच्या अम्मीला तपासणीला कोण नेणार? तिचे स्थळ पाहताना 'रात्रपाळी करते, खेड्यात राहते' हे वाक्य उणीव म्हणून कोण उच्चारतो? जमातीच्या शैक्षणिक निधीतून तिच्या कर्जाचा एखादा हप्ता भरता येईल का? बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी चालू नमाजही सोडावी, असे फिकहची पुस्तके सांगतात; मग तिच्यासाठी लग्नाच्या बाजारातली एक अट सोडणे आपल्याला इतके जड का जाते?

राहिला इस्तिखारा. प्रेषितांनी (स.) तो सहाबांना कुरआनच्या सूरेप्रमाणे शिकवला असे जाबिर (रजि.) सांगतात. पुष्कळ घरांत त्याचा अर्थ स्वप्नाची वाट पाहणे असा झाला आहे. त्या दुआमध्ये स्वप्नाचा उल्लेख कुठेही नाही. तेव्हा आधी त्या रुग्णालयातल्या सध्याच्या निवासी डॉक्टरांशी बोलावे, जमल्यास एक रात्र तिथली कॅज्युअल्टी पाहून यावी, आईवडिलांना सोबत न्यावे, मग दोन रकात नमाज पढावी आणि अर्ज भरावा. पसंतीक्रम भरण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते.