जपणूक आणि मोह

गाडीला सिरॅमिक कोटिंग करणं हा मोह आहे का, असं शेगावला नवी गाडी पूजेला आणलेल्या भाच्यानं मला विचारलं. मी नाही म्हणालो. सिलिकाचा तो थर जेमतेम काही मायक्रॉनचा. ऊन, पाणी, पाखरांची शीट यांपासून रंग बराच काळ जपतो. खामगाव रस्त्यावर उडणारी खडी मात्र तो थोपवत नाही, आणि धुणंही चुकत नाही. जपणं हा धर्मच. वस्तू अक्षय राहील ही आस तेवढी खोटी. १८७८ साली शेगावात प्रकटलेले गजानन महाराज दिगंबर राहिले, अंगावर वस्त्रसुद्धा नाही. पण त्यांच्या मंदिराचा परिसर सेवेकरी किती निगुतीनं झाडतात, ते पाहा! विरक्ती म्हणजे हेळसांड नव्हे. ऐपत असेल तर कोटिंग जरूर करा; त्यासाठी कर्ज मात्र काढू नका.