भंगारवाल्याचा काटा

माझा भाचा कोल्हापूरचा, नोकरी मोहालीत आणि शनिवार-रविवारचा मुक्काम माझ्याकडे पंचकुल्याला. चंडीमंदिर छावणीतून निवृत्त होऊन मी इथंच राहिलो, त्यामुळे पोराची जेवणाची सोय झाली. आजोबांची तालमीतली हाडं त्याला वारशानं मिळालीत. आजोबांचा घाम तेवढा आजोबांबरोबर गेला.

त्याच्याकडे हिमालयन ४११ मोटरसायकल आहे. रविवारी पहाटे उठून मोरणीच्या डोंगरात जायचं, टिक्करतालकडच्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या, परतताना घग्गरच्या पात्रातल्या गोट्यांवरून गाडी दामटायची, हा त्याचा छंद. पण मोठा खड्डा आला की मागून ‘ठक्’ व्हायचं. शॉक तळाला टेकायचा.

त्यानं पुण्याहून दुसरी स्प्रिंग मागवली. दुकानदारानं फोनवर वजन विचारलं.

“पंच्याऐंशी,” भाचा म्हणाला.

मामीचं लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे.

स्प्रिंग आली, बसली, आणि पंधरा दिवसांत ठक् पुन्हा सुरू. “मामा, फसवलं बघा दुकानदारानं,” असं म्हणत तो मला औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या सरदारजी मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्री त्याला ‘काका’ म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंजाबीत काका म्हणजे पोरगं, हे मी नंतर सांगितलं.

“पाजी, स्प्रिंगवरची रिंग आवळून द्या, कडक करा,” भाच्यानं फर्मावलं.

मिस्त्रीनं वाद घातला नाही. गाडी उचलून मागचं चाक लोंबतं ठेवलं, चाकाच्या आसापासून शेपटीवरच्या खडूच्या खुणेपर्यंत टेप धरली. ६०० मिलिमीटर. भाच्याला बसवलं, ५२४. म्हणजे नुसतं बसण्यातच ७६ गेले. या गाडीच्या मागच्या चाकाला खाली-वर व्हायला एकूण जागा १८० मिलिमीटर. स्वारानं बसून त्यातली तिसऱ्या हिश्श्याएवढी खावी, फार नाही. मग हुक पान्यानं रिंग आवळली आणि पुन्हा मोजलं, ५४४. खाल्ले फक्त ५६.

“झालं की!” भाचा खूश.

“आता उतर, काका.”

तो उतरला. रिकाम्या गाडीचं माप आलं ५९८. गाडी स्वतःच्या वजनानं दोनच मिलिमीटर बसत होती, लागतात पंधरा-वीस. मिस्त्रीनं समजावलं ते असं, की रिंग आवळून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी नुसती वर उचलली जाते. सेंटिमीटरभर दबायला आधी जेवढं वजन लागायचं तेवढंच नंतरही लागतं. शिवाय चाकाला फक्त वर जायचं नसतं, खड्ड्यात खालीही उतरायचं असतं, आणि त्यासाठी आता जागाच उरली नव्हती. उतारावर भार पुढे गेला की मागचं चाक जमीन सोडणार.

“वजन किती तुझं?”

“पंच्याऐंशी… नव्वद धरा.”

मिस्त्रीनं टेप खिशात टाकली आणि त्याला रस्त्यापलीकडे भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. भाचा हेल्मेट काढू लागला.

“राहू दे. जसा बसतोस तसा चढ.”

जॅकेट, बूट, गुडघ्याची कवचं, पाठीवर पाण्याची पिशवी. काटा ११६ वर थांबला. भंगारवाल्यानं सवयीनं विचारलं, “लोहा है?”

“यात जॅकेटचं आहे, बुटांचं आहे,” भाचा पुटपुटला.

“मग स्प्रिंगला सांग, जॅकेट सोडून बाकीचं उचल.”

आजोबांच्या तालमीत पैलवान वजन छाती काढून सांगायचे. नातू मान खाली घालून काट्यावरून उतरला आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेला. “तर मग सगळ्यात कडक असेल ती द्या.”

“का? सगळ्यात जड तूच आहेस का?” म्हातारा हसला. फार कडक स्प्रिंग बारक्या दगडांवर दबतच नाही, चाक उड्या मारतं आणि पकड जाते. त्यानं कागदावर ११६ लिहून त्या आकड्याची मागची स्प्रिंग मागवली. पुढच्या फोर्कच्याही दोन्ही बदलायला लावल्या, कारण मागचं सावरलं नि पुढचं मऊ राहिलं तर गाडी ब्रेकवर नाक खुपसते.

स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा टेप धरली. भाचा बसून ६०, गाडी एकटी १५. त्या रविवारी तो मोरणीहून परतला तेव्हा मी विचारलं, “ठक्?” त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तिसरी भाकरी मागितली.

पंच्याऐंशीवाली स्प्रिंग माझ्या गॅलरीत पडून आहे, नव्यासारखी. हेल्मेट-बुटांसकट कुणाचं वजन तेवढं भरत असेल, तर फुकट घेऊन जा. येताना काट्यावर चढून या.