भाषेची गादी आणि झाडीबोली

इंग्रजीच्या इतिहासाचे तीन खण पाठ्यपुस्तकांनी पक्के करून टाकले आहेत: प्राचीन, मध्य, अर्वाचीन. मधल्या भिंती म्हणजे १०६६ची नॉर्मन स्वारी आणि पुढे १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला मांडलेला छापखाना. मराठीलाही आपण यादवकाळ, बहमनीकाळ, शिवकाळ, पेशवाई अशा राजवटींच्या पाट्या लावतो. सोय होते, परीक्षेत उत्तरेही लिहिता येतात. पण या पाट्यांआड एक गोष्ट झाकली जाते. भाषेचा नुसता काळ बदलत नाही, तिची गादीही एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. जुनी इंग्रजी म्हणून आज जे वाचले जाते ते बहुतांश वेसेक्सचे, म्हणजे आल्फ्रेड राजाच्या नैर्ऋत्य मुलखातले. नॉर्मनांनी ती लेखनपरंपरा मोडली. काही शतकांनी जी प्रमाण इंग्रजी उभी राहिली, ती लंडनची आणि पूर्व मिडलंड्सकडची. ज्या मुलखाने पहिले समृद्ध गद्य दिले, त्याच मुलखाची बोली मग नाटकांतल्या गावंढळ पात्रांच्या तोंडी गेली.

आम्हा भंडाऱ्याकडच्या माणसांना ही कथा परकी वाटत नाही.

आमच्या वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, मोठे स्तूप निघाले. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख आहेत. त्याच पवनीत वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपटही मिळाले, आणि ते संस्कृतात आहेत. गंमत अशी की दानपत्र संस्कृतात देणाऱ्या या राजाच्या नावावर जे काव्य आहे, ते ‘सेतुबंध’ मात्र महाराष्ट्री प्राकृतात आहे. सनद एका भाषेत, मन दुसऱ्या भाषेत. ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची दिसते.

वरच्या अंगाला, नागपूर-भंडाऱ्याच्या सीमेवर आंभोरा आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तिथे रचला अशी परंपरा आहे; ग्रंथातला शक १११०, म्हणजे इ.स. ११८८. अंबाजोगाईकर हा मान आपल्याकडे ओढतात. या भांडणात मला फारसा रस नाही. मला विचार करायला लावते ती ग्रंथाची भाषा. हाती असलेल्या पोथ्यांतली मराठी इतकी सोपी की ती बाराव्या शतकाची असेल का, असा प्रश्न अभ्यासकांना पडला. लोकप्रिय ग्रंथाचे हेच होते. प्रत्येक नकलनवीस त्याला आपल्या काळाचे कपडे चढवतो. महानुभाव पंथीयांनी मात्र आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या आणि नकळत तेराव्या शतकाची मराठी पुष्कळशी जशीच्या तशी राखली. म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात चक्रधरांचे शिष्य, आमचे निळभट्ट भांडारेकरही भेटतात. मराठीचे पहिले थोर गद्य असे विदर्भात उभे राहिले.

पुढे गादी हलली. फारसीचा लोंढा आला, शिवकाळात राजव्यवहारकोशाने त्याला बांध घातला, तरी पाणी आत शिरायचे ते शिरलेच. १८३१ला मोल्सवर्थचा कोश निघाला, १८३६ला दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. मुंबई-पुण्याच्या शाळाखात्यातून शुद्ध मराठी ठरली. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६१पासून १९५६पर्यंत हा मुलूख मध्य प्रांतात आणि शेवटी मध्य प्रदेशात, हिंदीच्या शेजारी नांदला. शुद्धतेची वही लिहिली जात असताना आम्ही वर्गातच नव्हतो!

या मुलखाची बोली म्हणजे झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा. ही रूपे प्रमाण मराठीहून प्राचीन आहेत असा दावा मी करणार नाही, कारण महाराष्ट्री प्राकृताला तर ‘ण’चे वेडच होते. पण ती प्रमाण मराठीची मोडतोडही नव्हे. दोघी एकाच घरच्या. एक पुण्याला राहिली, एक धानाच्या बांधीत.

राजवटी शब्दांत कशा मुरतात ते पाहायचे तर आमच्याकडचे ‘मामा तलाव’ घ्या. तळी बांधणाऱ्यांत कोहळी समाज पुढे होता. इंग्रजांनी मालगुजारी रुजवली, तळी मालगुजाराची झाली. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि सरकारी कागदात ती ‘माजी मालगुजारी’ झाली. माजी आणि माल अरबी, गुजारी फारसी, तलाव प्राकृताच्या वाटेने आलेला, आणि आद्याक्षरे जोडून ‘मामा’ करण्याची खोड इंग्रजी कचेरीची. राजवटींचे सगळे खण एकाच पाळीवर बसले आहेत. शेतकऱ्याला त्याचे काही नाही. त्याला धानाचे परे, म्हणजे रोपे, जगवायला पाणी हवे.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले, तिचा कोश केला. विद्यापीठांनी करायचे काम एका माणसाने पुष्कळसे ओढले, हे कौतुकाचे तितकेच लाजेचे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या दर्जापोटी जो पैसा येईल, त्यातला काही लाखांदूर, साकोली, पवनीच्या बांध्यांवरची बोली ध्वनिमुद्रित करायला लागावा. आता रोवणी-चुरणीत यंत्रे आली आहेत, आणि त्या कामांचे शब्द तोंडी असलेली माणसे म्हातारी झाली आहेत. आणि गुरुजींनो, पोरगं ‘पानी’ म्हणालं तर प्रमाण रूप जरूर शिकवा. अशुद्ध मात्र म्हणू नका.